अँटिबॉडी किती, यापेक्षा तिला कोण धरतं ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅन्सर आणि प्रतिकारशक्ती या विषयावर पानभर लेख आला. हळद, गुळवेल, आवळा, कोवळं ऊन, शांत झोप. झोपेबद्दल माझी काही तक्रार नाही. बाकी लेखाचा सूर असा की शरीरात अँटिबॉडी जितक्या जास्त तितकी गाठ लवकर हार मानते, म्हणून अँटिबॉडी वाढवणारं काहीतरी रोज पोटात जायला हवं. ते 'काहीतरी' त्याच पानाच्या तळाशी विकायला होतंच: दोन बाटल्या घेतल्या तर तिसरी मोफत. जाहिरातीवर वर्तमानपत्र चालतं हे मला कळतं. पण लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली हे चष्मा लावूनही समजू नये, हे जरा अतीच झालं.

मी डॉक्टर नाही. सोलापुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीची तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. शेवटची बरीच वर्षं आयएचसीच्या टेबलावर गेली. म्हणजे गाठीचा मेणातला ब्लॉक घ्यायचा, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे सेक्शन काढायचे, ते काचेवर उचलायचे, त्यावर अँटिबॉडी टाकायची, धुवायचं, रंग द्यायचा. स्तनाच्या गाठीतल्या पेशींवर हर-टू हा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारं प्रथिन, भरपूर असेल तर प्रत्येक पेशीभोवती गडद तपकिरी कडं उमटतं. दहा टक्क्यांहून जास्त पेशींना असं पूर्ण, ठळक कडं दिसलं की आमचे पॅथॉलॉजिस्ट सर रिपोर्टवर 'थ्री प्लस' लिहायचे. कडं फिकट किंवा अर्धवट असलं तर 'टू प्लस', आणि मग फिश या हर-टूचं जनुक मोजणाऱ्या तपासणीसाठी ब्लॉक मोठ्या शहरात रवाना. त्यामुळे अँटिबॉडी म्हणजे माझ्यासाठी फ्रिजमधली इवलीशी कुपी. ती सांडली तर बोलणी खावी लागत. तिच्याविषयी इतकं सैल लिहिलेलं वाचून गप्प बसवलं नाही.

'अँटिबॉडी जास्त तितकं बरं' हे खरं असतं, तर मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण जगातले सगळ्यात निर्धास्त लोक असायला हवे होते. त्यांच्या रक्ताचं इलेक्ट्रोफोरेसिस केलं, म्हणजे त्यातली प्रथिनं वेगवेगळी केली, की एम-बँडचा सुळका वर जातो, कारण त्यांच्या शरीरात अँटिबॉडीचा पूर आलेला असतो. पण ती सगळी एकाच साच्याची, निरुपयोगी अँटिबॉडी, कॅन्सर झालेल्या प्लाझ्मा पेशींनी उपसलेली. तिच्या भाराने मूत्रपिंडं निकामी होतात आणि साधा न्यूमोनियाही त्या माणसाला झेपत नाही.

आता मूळ मुद्दा. अँटिबॉडी म्हणजे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं प्रथिन. वरची दोन टोकं लक्ष्याला चिकटतात, त्यांच्याविषयी सगळे लिहितात. खालचा दांडा मात्र लेखांतून कायम गळतो. शास्त्रज्ञ त्याला एफसी म्हणतात. तो धरण्यासाठी एनके पेशी, मॅक्रोफेज, मास्ट पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या अंगावर एफसी रिसेप्टर असतात, आणि ते सगळे एका स्वभावाचे नाहीत. काही रिसेप्टर दांडा हाती आला की पेशीला हल्ल्याचा हुकूम देतात. एफसी-गॅमा-टूबी नावाचा एक मात्र हल्ला रोखून धरतो. अँटिबॉडी तीच, गाठही तीच, पण दांडा कोणाच्या हाती पडला यावर पुढचं सगळं ठरतं.

हे मी मनाचं सांगत नाही. हर-टूवर काम करणारी ट्रॅस्टुझुमॅब ही अँटिबॉडी अमेरिकेत सप्टेंबर १९९८मध्ये मंजूर झाली. पुढे २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसलं की शस्त्रक्रियेनंतर केमोच्या जोडीने ती वर्षभर दिली तर आजार परतण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. हे औषध हर-टूचा वाढीचा संदेश अडवतं, म्हणून गाठ थांबते, असंच आधी मुख्यतः समजलं जायचं. पण २००० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री रॅवेच यांच्या गटाने उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या उंदरांत हल्ल्याचा हुकूम देणारे एफसी रिसेप्टरच नव्हते, त्यांच्यात ट्रॅस्टुझुमॅबचा बराचसा परिणाम गेला. ज्यांच्यातला रोखून धरणारा टूबी काढून टाकला होता, त्यांच्यात तेच औषध जास्त जोरात चाललं. दोन्हीकडे औषध एकच होतं. बदलले होते ते उंदराच्या स्वतःच्या पेशींवरचे रिसेप्टर.

माणसांतही याची चुणूक दिसली. एनके पेशींवरच्या थ्रीए या एफसी रिसेप्टरमध्ये १५८व्या जागी काहींना व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं, काहींना फेनिलअॅलनिन. आईवडिलांकडून आलेला एवढासा फरक. व्हॅलिनवाला रिसेप्टर दांडा घट्ट धरतो. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००२मध्ये फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या ४९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्यांना फक्त रिटुक्सिमॅब हे अँटिबॉडीचं औषध दिलं होतं. दोन्ही बाजूंनी व्हॅलिन मिळालेल्या सगळ्यांमध्ये दोन महिन्यांनी गाठी आटल्या होत्या, बाकीच्यांमध्ये ६७ टक्क्यांत. रुग्ण थोडे होते हे खरं. ट्रॅस्टुझुमॅबच्या बाबतीत हाच फरक शोधायला गेलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत, म्हणून ही तपासणी कोणी सर्रास करत नाही आणि मीही ती मागत नाही. पण औषध बनवणाऱ्यांनी यातून धडा घेतला. दांड्यावर साखरेची एक साखळी असते. तिच्यातली फ्यूकोज नावाची साखर काढून टाकली की थ्रीए रिसेप्टर दांड्याला कितीतरी घट्ट पकडतो. अमेरिकेत २०१३मध्ये मंजूर झालेलं ओबिनुटुझुमॅब हे अँटिबॉडीचं औषध अशाच प्रकारे, दांड्यावरची फ्यूकोज कमी करून घडवलेलं आहे. यात अँटिबॉडीची संख्या वाढवली नाही. तिचा दांडा सुधारला.

याला एक उलटी बाजूही आहे, आणि ती आपल्या लेखात कुठेच नव्हती. अँटिबॉडी गाठीला मदतही करू शकते. अमेरिकेतल्या मेन राज्यात जॅक्सन लॅबोरेटरी आहे. तिथे १९५०च्या दशकात नेथन कॅलिस यांनी उंदरांत दुसऱ्या वंशाच्या उंदराची गाठ लावली. एरवी शरीर अशी गाठ झिडकारून टाकतं. पण त्या गाठीविरुद्धच्या अँटिबॉडी असलेलं सिरम, म्हणजे रक्तातला पेशींविना उरणारा पातळ भाग, आधी टोचलं, तर गाठ रुजली, फोफावली आणि उंदीर दगावला. विरोधात बनलेल्या अँटिबॉडी गाठीच्याच पथ्यावर पडल्या. या प्रकाराला तेव्हापासून 'एन्हान्समेंट' म्हणतात. पॅथॉलॉजीच्या जुन्या पुस्तकांत याचा परिच्छेद असायचा.

त्यापुढचं काम सॅन फ्रान्सिस्कोत लिसा कूसेन्स यांच्या गटाने केलं. त्यांच्या उंदरांच्या कातडीत एचपीव्ही-१६ या विषाणूची जनुकं घातलेली होती. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे मुख्यतः हाच विषाणू असतो. त्यांच्या २००५च्या शोधनिबंधात दिसलं की अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी आणि थेट हल्ला करणाऱ्या टी पेशी नसलेल्या अशा उंदरांत कातडीची जुनाट सूज येतच नाही आणि कॅन्सरकडे जाणारी वाटचाल मंदावते. त्यांना आजारी उंदरांच्या बी पेशी किंवा नुसतं सिरम दिलं की सूज परत हजर. मग २०१०मध्ये त्याच गटाने कारण दाखवलं: कातडीत साचलेल्या अँटिबॉडींचे दांडे मास्ट पेशी आणि मॅक्रोफेज यांच्या एफसी रिसेप्टरांत अडकतात, त्या पेशी चिथावल्या जातात, सूज टिकून राहते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि गाठीला पोषण मिळतं. रिसेप्टर काढला तर हा सगळा प्रकार मंदावतो. ज्या रिसेप्टरांच्या कुटुंबाने ट्रॅस्टुझुमॅबला मदत केली, त्याच कुटुंबाने इथे गाठीला खतपाणी घातलं. तेव्हा 'वाढवा' असं सांगताना काय वाढवायचं, हे लेखकाने सांगायला हवं की नको?

यावरून कोणी एचपीव्हीच्या लशीबद्दल शंका घेऊ नये, म्हणून लगेच लिहिते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३मध्ये आली. ती लस विषाणू पेशीत शिरण्याआधी त्याला अडवणाऱ्या अँटिबॉडी तयार करते, म्हणून ती मुलींना लहान वयात द्यायची. आपापल्या घरातल्या मुलींना ती जरूर द्या. झालेला कॅन्सर मात्र ती बरा करत नाही.

आता मुंबईचं उदाहरण घेते, कारण ते आपल्या वाचकांच्या खिशाशी जोडलेलं आहे. आमच्या भागात तोंडाचा कॅन्सर घरोघर माहीत आहे. मावा, गुटखा, तंबाखू. गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे म्हणे. या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब ही अँटिबॉडी वापरतात. ती गाठीला चिकटतच नाही. टी पेशींवर पीडी-१ नावाचा रिसेप्टर असतो, क्योटोच्या तासुकू होन्जो यांच्या गटाने तो १९९२मध्ये शोधला आणि होन्जोंना जेम्स अॅलिसन यांच्याबरोबर २०१८चं नोबेल मिळालं. गाठ या रिसेप्टरला डिवचून टी पेशीला गप्प करते. निव्होलुमॅब तो रिसेप्टर झाकतं आणि टी पेशी पुन्हा कामाला लागते. इथे दांडा मुद्दाम मवाळ जातीचा निवडला आहे, नाहीतर इतर पेशी तो धरून आपल्याच टी पेशींना मारायच्या. तरीही बॉस्टनच्या संशोधकांनी २०१७मध्ये जिवंत उंदरांच्या गाठीत सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर मॅक्रोफेज आपल्या एफसी रिसेप्टरने टी पेशींवरची ही अँटिबॉडी काही मिनिटांत ओढून घेत होते. ते रिसेप्टर अडवल्यावर औषध टी पेशींवर जास्त वेळ टिकलं.

बरं, मग किती निव्होलुमॅब द्यायचं? प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. पण या औषधाच्या अगदी पहिल्या चाचणीतच, जी २०१०मध्ये प्रसिद्ध झाली, एक गोष्ट नोंदलेली होती: वजनाच्या दर किलोमागे ०.३ मिलिग्रॅम दिलं काय नि १० मिलिग्रॅम दिलं काय, टी पेशींवरचे ७० टक्क्यांहून जास्त पीडी-१ रिसेप्टर दोन महिन्यांहून अधिक काळ झाकलेलेच होते. एसटीतल्या सगळ्या सीट भरल्यावर स्टँडवर आणखी गर्दी झाली म्हणून सीट वाढत नाहीत, तसंच हे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये विजय पाटील, कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पकडला. डोकं-मानेचा कॅन्सर बरा होण्यापलीकडे गेलेले १५१ रुग्ण घेतले. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब या तोंडाने घेण्याच्या स्वस्त गोळ्या. निम्म्यांना त्याशिवाय दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. वर्षभराने नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के हयात होते, अँटिबॉडीही मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. हा निबंध २०२२च्या अखेरीस अमेरिकेच्या नामवंत कॅन्सर नियतकालिकात आला.

इथे तोलून बोलायला हवं. या चाचणीत २० मिलिग्रॅमची तुलना २४० मिलिग्रॅमशी केलेली नव्हती, त्यामुळे कमी मात्रा पूर्ण मात्रेच्या तोडीची आहे असं यातून सिद्ध होत नाही. पण पूर्ण मात्रा ज्याला विकत घेताच येणार नाही, त्याच्यापुढे काहीच नाही आणि २० मिलिग्रॅम एवढेच पर्याय असतील, तर उत्तर उघड आहे. अशी चाचणी कोणती कंपनी स्वतःहून करेल? आपल्याच औषधाची एका वेळची मात्रा बाराव्या हिश्श्यावर आणली तरी भागतं हे दाखवायला कोणाला आवडेल? म्हणून ती सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनीच करायला हवी. आपल्या पुरवणीने आवळ्याला पानभर जागा दिली, तशी या बातमीला कधी दिली असेल तर माझ्या पाहण्यात नाही.

आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कॅन्सरवरच्या उपचाराबद्दल आपण छापलं होतं, ते चांगलं होतं. फक्त त्यात एवढं यायला हवं होतं की ही उपचारपद्धती म्हणजे अँटिबॉडीचं टोक रुग्णाच्याच टी पेशीवर रिसेप्टर म्हणून बसवणं. वाचकाला ते सहज कळलं असतं.

'वाढलेली' प्रतिकारशक्ती कशी दिसते तेही सांगते. पीडी-१चा लगाम सुटलेल्या टी पेशी कधी थायरॉईडवर, कधी आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर उलटतात. मग स्टेरॉइड देऊन त्यांना आवरावं लागतं. हे रुग्णालयात, रक्ततपासण्यांच्या देखरेखीत घडतं. बाटलीतल्या काढ्यावर अशी देखरेख कोण ठेवतं? मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वनस्पती गुळवेलच होती का असं विचारलं. वाद असू दे. पण केमो चालू असलेल्या माणसाने डॉक्टरांना न सांगता ती घ्यावी, असा सल्ला पुरवणीतून जाऊ नये.

माझ्या टेबलावर येणारे नातेवाईक विचारायचे, "ताई, पॉझिटिव्ह आलंय म्हणजे वाईटच ना?" पूर्वी ते खरंच वाईट होतं, कारण हर-टूची गाठ आडदांड. ट्रॅस्टुझुमॅब आल्यावर तेच पॉझिटिव्ह म्हणजे उपचाराचं दार उघडं, असं झालं. भारतीय बनावटीची ट्रॅस्टुझुमॅब २०१४मध्ये आल्यावर ते दार आमच्याकडच्या आणखी काही घरांसाठी उघडलं. पण सगळ्यांसाठी नाही, आणि अडचण दरवेळी पैशाचीच होती असंही नाही. एकदा जिल्ह्याबाहेरच्या एका रुग्णालयातून काढलेला स्तन आला. अख्खा, न कापता, लहानशा डब्यात कोंबलेला, फॉर्मॅलिन जेमतेम तळाला. पार्सल वाटेत रखडलेलं. आतली गाठ कुजली होती. त्यावर कुपीतली कितीही अँटिबॉडी ओतली तरी कडं उमटणार कसं? रिसेप्टरच शिल्लक नव्हता. मधल्या काळात त्या घराने मात्र प्रतिकारशक्तीच्या पावडरीवर पैसे घातले होते, कारण ते त्यांना कुठेतरी छापलेलं सापडलं होतं.

म्हणून माझी विनंती. पुरवणीत जागा असेल तर आवळ्याच्या शेजारी हे छापा. काढलेली गाठ तासाभरात कापून दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी, आणि फॉर्मॅलिन गाठीच्या दहापट तरी हवं. त्यात ती किमान ६ आणि कमाल ७२ तास राहावी. डब्यावर वेळ लिहिलेली असावी. शस्त्रक्रियेआधी हे विचारायला नातेवाइकांनी लाजू नये. रिपोर्टवर 'टू प्लस' असेल तर फिश झाल्याशिवाय तो रिपोर्ट पूर्ण समजू नये. आणि मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्यावा किंवा तो कुठे, किती वर्षं ठेवला जाणार हे लिहून घ्यावं. याचं एक ताजं कारण आहे. ट्रॅस्टुझुमॅबच्या अँटिबॉडीला केमोचं औषध जोडलेलं ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकान २०२२च्या चाचणीत 'वन प्लस' (म्हणजे कडं 'टू प्लस'हूनही फिकट) आणि फिश निगेटिव्ह 'टू प्लस' असलेल्या, पसरलेल्या आजाराच्या रुग्णांनाही लागू पडलं. पूर्वी आम्ही या स्लाइड निगेटिव्ह म्हणून बाजूला ठेवायचो. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात या औषधावरची कस्टम्स ड्युटी माफ झाली. ज्यांचा आजार परतला आहे, त्यांचे जुने ब्लॉक पुन्हा पाहण्याजोगे आहेत.

ब्लॉक घरी ठेवलात तर बंद डबीत, थंड जागी, उन्हापासून लांब ठेवा. उन्हात मेण वितळतं. डबीवर नाव आणि लॅबचा नंबर लिहा. देवघरात ठेवणारे मी पाहिले आहेत. तिथेही चालेल, फक्त समईपासून दूर.

आपली,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ,
सोलापूर